जपानमध्ये पॉटरी आणि चहा खरंच अनुभवायचाय? ओकायामाला दोन दिवस द्या

प्रश्न असा आहे की नोव्हेंबरात आई-बाबांना घेऊन 10 दिवस जपान, पारंपरिक कला बघायच्यात आणि शक्य तर हाताने करूनही बघायच्यात, क्योटोत एकाच दिवसात किमोनो, टी सेरेमनी, पॉटरी, कॅलिग्राफी असं सगळं मिळून एक पॅकेज मिळतंय तर ते घ्यावं का. आईचे गुडघे दुखतात, आणि सगळे व्हेज.

आधी मी कोण ते सांगते म्हणजे माझं म्हणणं कुठून येतंय ते कळेल. मी मूळची पुण्याची, ओकायामा प्रांतात इम्बे नावाचं कुंभारांचं गाव आहे तिथे एका उस्तादांकडे पाच वर्षं राहून शिकले, त्यांची भट्टी लावली, लाकडं फोडली, माती मळली, आणि आता पुण्याजवळ माझी स्वतःची छोटी भट्टी आहे. दरवर्षी भट्टीच्या दिवसांत परत तिकडे जाते आणि ओळखीतले कोणी ना कोणी "आम्हालाही दाखव" म्हणून सोबत येतात, त्यामुळे पहिल्यांदा आलेल्या माणसाला काय भिडतं आणि काय नुसतं फोटोत राहतं हे बऱ्यापैकी बघितलंय.

तर पॅकेजबद्दल सरळ सांगायचं तर घेऊ नका. वाईट असतं म्हणून नाही, शिकवणारे लोक मनापासून शिकवतात. पण पाऊण तास चाक, पाऊण तास चहा, मग धावत जाऊन ब्रश हातात, असं केलं की कुठल्याच गोष्टीची दुसऱ्या गोष्टीशी सांगड लागत नाही, आणि जपानी कलांमध्ये सगळा जीव त्या सांगडीतच आहे. चहाचा वाटा, म्हणजे मोठी वाटी, कुठल्या मातीचा, ती माती कुठल्या शेतातली, भट्टीत तो कुठे ठेवला होता म्हणून त्याच्यावर तो डाग आला, आणि मग चहा पिताना तो वाटा असाच का फिरवायचा, हे एका ओळीत बघितलं तर कळतं. म्हणून माझा सल्ला, 10 दिवसांतले दोन दिवस एकाच मातीला द्या. माझ्यासाठी ती माती बिझेनची, पक्षपात आहेच, पण कारणंही आहेत.

बिझेन-याकी म्हणजे इम्बे आणि आसपासच्या गावांतली भांडी. जपानच्या सहा जुन्या भट्टी-गावांपैकी हे एक, बाकीची सेतो, तोकोनामे, एचिझेन, शिगाराकी आणि तांबा. इथे ग्लेझ म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप लावत नाहीत, रंग लावत नाहीत, चित्र काढत नाहीत, फक्त माती आणि आग. आणि तरी दोन भांडी सारखी नसतात. हे मी शिकायला गेले तेव्हा मला नुसतं ऐकून माहीत होतं, पहिली भट्टी उघडली तेव्हा मात्र मी अर्धा तास काही बोलले नाही.

माती भातशेताखालची. हियोसे म्हणतात तिला. भाताचं पीक निघालं की हिवाळ्यात वरचा थर बाजूला करून खालून काढतात, बारीक, चिकट, लोह भरपूर असलेली. मागे एकदा नाशिकच्या एक आजी सोबत होत्या, त्यांनी उस्तादांच्या अंगणातला ढेकूळ उचलून चुरला आणि म्हणाल्या, "ही तर खाचरातली आहे गं." मी भाषांतर करून सांगितलं तर उस्ताद इतके खूश झाले की आत जाऊन वीस वर्षं मुरत ठेवलेल्या मातीचा गोळा घेऊन आले आणि त्यांच्या हातात दिला. कुठल्याही पॅकेजमध्ये हे येत नाही.

ह्या मातीचा एक स्वभाव आहे, ती वाळताना आणि भाजताना खूप आकसते, आणि एकदम तापवली तर फुटते. म्हणून तिला हळूहळू तापवावं लागतं, आणि म्हणूनच बिझेनची भट्टी दहा-दहा, कधी चौदा दिवस चालते. लाल पाइनचं लाकूड, त्यात राळ जास्त असते त्यामुळे ज्योत लांब जाते, शेवटी तापमान 1,200 अंशांच्या वर. रात्रंदिवस पाळ्या लावून काही मिनिटांनी एकेक फाटा आत टाकायचा. मी रात्रीची पाळी करायचे, दोन ते आठ. ज्योतीचा रंग बघून आणि भट्टीचा आवाज ऐकून लाकूड टाकायचं असतं, थर्मामीटर असतो पण उस्ताद त्याच्याकडे शेवटी बघायचे.

आता हे माहीत असलं की दुकानात ठेवलेलं भांडं वाचता येतं. अंगावर तीळ उडाल्यासारखे ठिपके दिसले तर तो गोमा, म्हणजे तीळच, पाइनची राख उडून बसली आणि वितळली. तांबड्या-शेंदरी रेघा दिसल्या तर हिदासुकी, भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये भाताचा पेंढा गुंडाळतात, त्या पेंढ्यातल्या पोटॅशियमची आणि मातीतल्या लोहाची गाठ पडते आणि ती रेघ उमटते. करडा-निळसर भाग असेल तर सांगिरी, ते भांडं निखाऱ्यात गाडलं गेलं होतं, हवा मिळाली नाही. ताटलीवर गोल तांबूस डाग असेल तर तिच्यावर दुसरं भांडं ठेवलं होतं, त्या डागाला बोतामोची म्हणतात, हे तिकडच्या भाताच्या एका गोड गोळ्याचं नाव. हे चार शब्द पाठ करून जा. मोडक्या जपानीत दुकानदाराला "हिदासुकी?" एवढं विचारलंत तरी तो माणूस कपाटातलं काढून दाखवायला लागतो, हे मी कितीदा बघितलंय.

जायचं कसं. क्योटोहून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, ओकायामा साधारण तासाभरात, तिथून जेआर म्हणजे जपान रेल्वेची आको लाइन, चाळीसेक मिनिटांत इम्बे. गाड्या साधारण तासाला एक, त्यामुळे परतीची वेळ आधी बघून ठेवा. स्टेशनवरून बाहेर पडलं की विटांची धुराडी दिसायला लागतात, गाव छोटंच, सगळं चालत होतं. सगळ्यात आधी दुकानात शिरू नका, स्टेशनच्या दक्षिणेला जुन्या सामाईक भट्टीची जागा आहे, इम्बे-मिनामी ओगामा, तिथे जा. आता तिथे फक्त गवत, उतार आणि खापरांचे ढीग आहेत, पण ती भट्टी 50 मीटरहून लांब होती, अख्ख्या गावाची भांडी एका वेळी त्यात भाजायची. आपल्याकडे कुंभारवाड्यात आवा लावतात तो डोळ्यासमोर आणा आणि मग ती लांबी पावलांनी मोजा. त्यानंतर आमात्सु देऊळ, शिंतो देवस्थान, त्याच्या भिंतीत आणि वाटेवर गावातल्या कुंभारांनी दिलेले तुकडे बसवलेत, दारातले राखणदार प्राणीसुद्धा बिझेन मातीचे. मग दुकानं.

दुकानात कसं वागायचं ते मात्र नीट ऐका, कारण इथे आपल्या लोकांकडून नकळत चूक होते. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून खिशात टाका. भांडं उचलण्याआधी विचारा, हाताने इशारा केला तरी चालतो. उचलताना दोन्ही हात, आणि टेबलापासून फार वर नाही, वळवून तळ बघायचा तो पण खालीच. कुंभार तळाकडे आधी बघतो, तिथे हाताची खरी करामत कळते, त्यामुळे तळ बघणारा गिऱ्हाईक त्यांना आवडतो. भाव करायचा नाही, अजिबात नाही. फोटो विचारून. आणि खांद्यावरची सॅक पुढे पोटाशी घ्या, मागे वळताना फडताळाला लागून वस्तू पडलेल्या बघितल्यात मी. पैसे थोडे कॅशमध्ये ठेवा, छोट्या घरगुती दुकानांत कार्ड चालेलच असं नाही.

हाताने करून बघायचं ते "ताइकेन". इम्बेत बऱ्याच ठिकाणी मिळतं, साधारण तीन-चार हजार येनमध्ये, फोन किंवा ईमेलने आधी वेळ ठरवून. इथे बहुतेक ठिकाणी हाताने फिरवायच्या चकतीवर वळ्या लावून कप किंवा वाटी करायला देतात, विजेच्या चाकावर नाही, आणि माझ्या मते हेच बरं, चाकावर पहिल्या दिवशी जे येतं ते निम्मं शिक्षकाचंच असतं. नखं कापून जा. पाणी कमी वापरा, ही माती पाण्याने लगेच लिबलिबते. आणि जेवढा कप हवाय त्यापेक्षा चांगला मोठा करा, कारण तो आकसून येणार आहे, आपला चहाचा कप म्हणून केलेला साकेचा, म्हणजे तिकडच्या तांदळाच्या दारूचा, छोटा पेला होऊन आलेला बघून लोक हिरमुसतात. तळ जाड ठेवा, कड बोटाने गोल करा, पातळ धारदार कड ओठाला बरी वाटत नाही. भट्टी वर्षातून मोजक्या वेळा लागते त्यामुळे वस्तू काही महिन्यांनी तयार होते. भारतात पाठवतात का हे बुकिंगच्या वेळीच विचारा, बरेच जण पाठवत नाहीत. जपानमध्ये कोणी नातेवाईक, मित्र असेल तर त्याचा पत्ता द्या, पुण्याहून इतकी मुलं तिकडे नोकरीला आहेत की कोणी ना कोणी निघतोच. आणि बुक केलं की जाच. एका माणसासाठी त्यांनी माती आदल्या दिवशी मळून ठेवलेली असते, ऐनवेळी न गेल्यावर ती परत मळावी लागते. कुंभारांत म्हण आहे की नुसती माती मळायला शिकायला तीन वर्षं लागतात, मला दोन वर्षं तरी नक्की लागली, सेवंतीच्या पाकळ्यांसारखे पदर पाडत मळतात, आतली हवा काढायला, मनगटं भरून येतात.

पण एवढं सांगूनही माझं म्हणणं हेच की करण्यापेक्षा बघायला जास्त वेळ ठेवा. दीड तासात कोणी कुंभार होत नाही, मात्र दीड तास मातीशी झटापट केल्यावर समोरचा माणूस तीच माती किती शांतपणे उभी करतो हे पहिल्यांदा दिसतं. त्यामुळे क्रम असा ठेवा, आधी ताइकेन, मग दुकानं आणि प्रदर्शनं. उलटं केलं तर निम्मं निसटतं.

वेळ उरला तर त्याच आको लाइनवर ओसाफुने स्टेशन लागतं. मध्ययुगात जपानमधल्या तलवारींचं सगळ्यात मोठं केंद्र हे, तिथल्या तलवार संग्रहालयात लोहार काम करताना बघायला मिळतात, आणि महिन्यातल्या ठराविक दिवशी लाल लोखंड घणाने ठोकण्याचं प्रात्यक्षिक असतं, तारीख आधी बघा. 2020 साली तिथल्या सेतोउची शहराने यामातोरिगे नावाची राष्ट्रीय ठेवा असलेली तलवार लोकांकडून देणग्या गोळा करून विकत घेतली, का तर ती इथे घडली होती आणि इथेच असावी. बाबांना हे आवडेल असं वाटतंय. स्टेशनपासून थोडं लांब आहे, टॅक्सी करा.

आता चहा, आणि आईचे गुडघे. दुसरा दिवस ओकायामा शहरात ठेवा, कोराकुएन बागेत. ही 1700 साली पूर्ण झाली, जपानच्या तीन नावाजलेल्या बागांमधली एक, आणि तुम्ही पुण्याचे असाल तर आधीच ओळखीची वाटेल, कारण सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान हिच्यावरूनच केलंय, तळं, पूल, हिरवळीचे चढउतार. मी शिकायला गेले तेव्हा घरची आठवण आली की इथे येऊन बसायचे. आत चक्क भातशेत आणि चहाचा मळा पण आहे. बागेत माच्चा, म्हणजे हिरव्या चहाची पूड घुसळून केलेला चहा, आणि सोबत गोड मिळण्याची सोय असते, ती साधी, पाटावर बसून बागेकडे बघत प्यायची. पूर्ण विधीचा चहा हवा असेल तर क्योटोत एखाद्या चहाच्या शिक्षकांकडे छोट्या ग्रुपमध्ये घ्या, चार-सहा माणसांचा, बसभर लोकांचा नको.

आईसाठी खुर्चीची सोय आहे का हे बुक करताना विचारा आणि अजिबात संकोच करू नका. खुर्ची-टेबलावरचा चहा ही आजकालची सवलत नाहीये, चहाविधीच्या उरासेन्के घराण्याच्या अकराव्या प्रमुखांनी, गेंगेन्साई त्यांचं नाव, 1872 मध्ये क्योटोच्या प्रदर्शनाला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी ती पद्धत बसवली, र्‍यूरेई म्हणतात. म्हणजे ती पण आता दीडशे वर्षांची परंपराच आहे. गुडघे दुखत असताना मांडी मोडून बसलेल्या माणसाचं लक्ष पायांकडेच जातं, वाट्याकडे जातच नाही.

नियम थोडे आहेत आणि प्रत्येकाला कारण आहे. परफ्यूम नको, उदबत्तीचा आणि चहाचा वास झाकतो. स्वच्छ पांढरे मोजे सोबत न्या. तातामीच्या, म्हणजे जमिनीवरच्या जाड चटईच्या, कापडी काठावर पाय देऊ नका. गोड आधी खायचं, चहा नंतर, कारण माच्चा कडवट असतो आणि जीभ तयार लागते. ते गोड बहुतेक वेळा लाल चवळीसारख्या अझुकीच्या सारणाचं असतं, आईला पुरणाची आठवण होईल. मग वाटा डाव्या तळव्यावर घ्यायचा, उजव्या हाताने दोनदा फिरवायचा आणि प्यायचा. का फिरवायचा, तर वाट्याला एक दर्शनी बाजू असते, यजमानाने ती तुमच्याकडे करून दिलेली असते, आणि तिच्यावर ओठ लावायचा नाही म्हणून तुम्ही ती बाजूला करता. बिझेनच्या वाट्यात ही दर्शनी बाजू आग ठरवते, ज्या बाजूला राख छान बसली किंवा रेघ छान उमटली ती. आदल्या दिवशी इम्बेत तीळ आणि रेघा बघून आलेल्या माणसाला हे फिरवणं एकदम कळतं, बाकीच्यांना ती नुसती कवायत वाटते. पिऊन झाल्यावर वाटा खाली ठेवून वाकून बघायचा, कोपरं मांडीजवळ, हातात खालीच धरून. यजमानाला त्याबद्दल काहीतरी विचारा, कुठला आहे एवढं तरी. सोळाव्या शतकात चहावाल्या लोकांनी बिझेनची शेतकऱ्यांची साधी भांडी उचलून चहाघरात आणली, पाण्याचे घट वगैरे, त्याआधी ती बियाणं आणि पाणी ठेवायची होती. दळायचे खाचांचे वाडगे पण, त्यांच्याबद्दल म्हणायचे की बिझेनचा वाडगा फेकला तरी फुटत नाही.

दुपारी कुराशिकी, ओकायामाहून लोकलने पंधरा-वीस मिनिटं. कालव्याकाठी गर्दी असते, ती पार करून ओहारा संग्रहालयात जा, 1930 चं आहे, बहुतेक लोक फ्रेंच चित्रकार मोनेचं चित्र बघून परत येतात, तुम्ही कलाकुसरीच्या दालनात वेळ घालवा, जुन्या धान्याच्या कोठारांत केलंय ते. हामादा शोजी, कावाई कान्जिरो, बर्नार्ड लीच या कुंभारांची भांडी तिथे आहेत. रोजच्या वापरातल्या, नाव नसलेल्या कारागिरांच्या वस्तू सुंदर असतात असं मानणारी ही मंडळी, 1925 च्या सुमारास हामादा, कावाई आणि विचारवंत यानागी सोएत्सु यांनी त्याला मिंगेई हे नाव दिलं. जवळच लोककला संग्रहालय आहे, 1948 चं, टोपल्या, चटया, घोंगडी, मातीची भांडी, बाबांना-आईला इथे सगळ्यात जास्त बोलायला मिळेल, सूप आणि टोपली विणायची पद्धत बघून माझी आई तिथल्या बाईंशी खुणांनी अर्धा तास बोलत होती.

ओकायामाला जायला जमलंच नाही, दिवस कमी पडले, तर क्योटोतच गोजोझाकाला कावाई कान्जिरोचं घर बघा. तो राहायचा तेच घर, लाकडी, मागच्या अंगणात चढत जाणारी मोठी भट्टी तशीच आहे. दोन तास शांत बसा तिथे. किमोनो घालून फोटो काढायचे असतील तर खुशाल काढा, आनंदाची गोष्ट आहे, पण भाड्याचे बहुतेक पॉलिएस्टरचे असतात, तेव्हा कापड बघायचं असेल तर निशिजिन या क्योटोतल्या विणकरांच्या भागात विणकरांकडे वेगळं जा.

जेवणाचं थोडक्यात, भाजी दिसली तरी रस्सा दाशीचा, म्हणजे माशाच्या अर्काचा असतो, "दाशी मो दामे देस" म्हणजे दाशीही चालत नाही हे वाक्य लिहून ठेवा. मोठ्या देवळांजवळ शोजिन र्‍योरी मिळतं, भिक्षूंचं शाकाहारी जेवण, बुकिंग करून. इम्बेत व्हेज जवळपास काही नाही, दशम्या आणि चटणी सोबत न्या, स्टेशनवर बसून खा, भट्टीजवळ किंवा दुकानात नको.

आणि विकत काय घ्यायचं. एकच वस्तू घ्या पण रोज वापराल अशी. वापरण्याआधी थोडा वेळ पाण्यात बुडवून ठेवायची, मग वाढायचं, म्हणजे तेल-मसाला मातीत शिरत नाही आणि ओलं झाल्यावर रंगही खुलतो. तळ खरखरीत असेल तर दोन भांड्यांचे तळ एकमेकांवर घासून मऊ करतात, दुकानदाराला सांगितलं तर तो करून देतो. माझ्याकडे उस्तादांनी निघताना दिलेला पेला आहे, त्यात मी उन्हाळ्यात ताक पिते, चौदा वर्षांत तो हाताला इतका गुळगुळीत झालाय की सुरुवातीचा कोणाला ओळखू येणार नाही. विमानात चेक-इनला टाकू नका, कपड्यात गुंडाळून हातातल्या बॅगेत. तारखा पक्क्या झाल्या की सांगा, त्या आठवड्यात कोणाची भट्टी लागलेली असेल तर विचारून ठेवते, रात्री लांबून उभं राहून बघायला बहुतेक उस्ताद नाही म्हणत नाहीत.